वाघ दिसला नाही तर नाव कोणाचं निघणार?

पत्र थोडक्यात असं: घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या, ऐरोलीत नोकरी करणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या एका ताईंच्या सासऱ्यांना फेब्रुवारीअखेर पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या. वाघाचं त्यांना भारी वेड. वर्तमानपत्रातली वाघाची कात्रणं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली आहेत, पण जंगल प्रत्यक्षात एकदाही पाहिलेलं नाही. पंचाहत्तरी ताडोबात करावी, ही कल्पना ताईंची. मोहर्ली गेटजवळचा मध्यम दराचा एक कॅम्प त्यांनी शोधला: पक्क्या ओट्यावरचे तंबू, आतच संडास-बाथरूम, दोन माणसांना तिन्ही वेळच्या जेवणासकट रात्रीला साडेसहा हजार. खारघरच्या मोठ्या जाऊबाईंना तो पसंत नाही. त्यांनी त्याच बाजूचं, पोहण्याच्या तलावाचं मोठं रिसॉर्ट सुचवलंय, खोलीला रात्रीचे अठ्ठावीस हजार. "तंबूतच झोपायचं तर येऊर काय वाईट होतं?" असं त्या, ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलाचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर म्हणाल्या. माणसं आठ, खोल्या तीन, पोचायचं बुधवारी, खर्च दोन्ही भावांत निम्मा-निम्मा. नवरा म्हणतो, "तुम्ही दोघी काय ते ठरवा." नाना म्हणतात, "तुम्ही सगळे जाऊन या, मी घर सांभाळतो." आणि ताईंची झोप उडाली आहे, कारण "कॅम्प साधा निघाला आणि वर वाघही दिसला नाही, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल." प्रश्न असा: कॅम्प घ्यावा, रिसॉर्ट घ्यावं, की बेत रद्द करून ठाण्यातच हॉल घ्यावा?

ताई,

तुमच्या पत्रात 'वाघ' सात वेळा आला आहे, 'नाना' चार वेळा आणि 'जाऊबाई' अकरा वेळा. मला मोजायची खोड आहे, राग मानू नका. पण वाढदिवस कोणाचा आणि पत्र कोणाबद्दल, हे त्या आकड्यांवरून कळतं.

आधी सोपा भाग उरकू, म्हणजे पैशांचा. तुमचा कॅम्प तीन रात्रींसाठी तीन तंबू धरले तर ५८,५०० रुपये. रिसॉर्ट दोनच रात्रींचं, तीन खोल्या, तर १,६८,००० रुपये. त्यावर कर वेगळा. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. रिसॉर्टवरचा नुसता कर ३०,२४० रुपये होतो, म्हणजे कॅम्पच्या तीन रात्रींच्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त. एवढं सगळं देऊन जे वाढीव मिळतं ते मऊ गादी, तलाव, गरम पाण्याचा हमखास नळ आणि नऊ प्रकारचा नाश्ता. तोही सकाळच्या सफारीला गेलात तर हातून जातोच. वाघ दोन्ही ठिकाणच्या पाहुण्यांना सारखाच. जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी जीप, तीच, गेट तेच, गाईड गावातलाच. अठ्ठावीस हजारांच्या खोलीतून आलेल्या माणसाला जंगलात वेगळी वाट उघडून देत नाहीत.

म्हणून पैसे मोजायचेच असतील तर ते सफारीच्या जागांवर मोजा, छपरावर नको. हे माझं मत ठाम आहे. पण 'कॅम्पच बरोबर' असं मी एवढ्यात म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रात न विचारलेले प्रश्न बरेच आहेत.

मध्यम दराचा कॅम्प म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. ही जागा साध्या होमस्टेच्या वर आणि रिसॉर्टच्या खाली असते आणि तिच्यात भलताच फरक पडतो. मी पहिल्यांदा ताडोबाला गेले तेव्हा आम्ही पाच मैत्रिणी होतो. कॅम्पचं नाव घेत नाही. फोटोत चार प्रकारचे तंबू दिसत होते. तिथे गेल्यावर कळलं की तंबू एकच, फोटो चार बाजूंनी काढलेले. गरम पाणी सौर बंबाचं, म्हणजे दुपारी बाराला चटके बसणारं आणि पहाटे पाचला बर्फ. पण त्याच कॅम्पवर पहाटे पावणेपाचला एका पोऱ्याने तंबूच्या कापडावर बोटांनी टकटक केली आणि स्टीलच्या पेल्यातून आल्याचा चहा आत सरकवला. बाहेर कापड दवाने ओलं होऊन जड लोंबत होतं, आणि पलीकडच्या बांबूत भेकर कुत्र्यासारखं खोकत होतं. भेकर भुंकतं हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्यातली एक म्हणाली, "कुणाचं तरी कुत्रं आजारी आहे गं." पोऱ्या हसून म्हणाला, "तो वाघाची खबर देऊन राह्यला." गेल्या पंधरा वर्षांत कितीतरी हॉटेलांत नाश्ता केला असेल, त्यातला एकही आठवत नाही. तो चहा आठवतो.

आता हेच सासूबाईंच्या बाजूने पाहा. त्यांना पहाटेचं गार पाणी चालेल का? तंबूला चढायला तीन पायऱ्या असतील तर कठडा आहे का? म्हणून कॅम्पला फोन करा, मेसेज नको. फोनवर माणूस अडखळतो तेव्हा खरं काय ते कळतं. कमोड आहे ना, वीज गेली तर जनरेटर पूर्ण तंबूला चालतो की नुसत्या दिव्याला, गरम पाणी पहाटे मिळतं की मागावं लागतं, जेवणघर तंबूपासून किती पावलांवर, वाटेत दिवे आहेत का, आणि साडेसहा हजारांत सफारी धरली आहे की नाही. हा शेवटचा प्रश्न तर दोनदा विचारा. 'जंगल प्लॅन' म्हणजे कुठे सफारीसकट, तर कुठे नुसतं राहणं-जेवण. भांडणं सगळी याच शब्दावरून होतात. ताज्या पाहुण्यांनी काढलेले फोटो मागा. जाहिरातीतले नकोत.

गेटचं मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात मी स्वतः फसले आहे, आणि चूक सर्वस्वी माझी होती. ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलात, शिरायला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी अशी वेगवेगळी गेटं आहेत. ज्या गेटची सफारी घ्याल त्याच गेटातून आत जायचं. मोहर्ली दक्षिणेला, चंद्रपूरच्या बाजूला. कोलारा उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. नकाशात दोन्ही 'ताडोबा'च दिसतात. दुसऱ्या खेपेला मी कॅम्प घेतला कोलाऱ्याला आणि सफारी मिळाली म्हणून घेतली मोहर्लीची. जंगलातून आरपार जाता येत नाही, बाहेरून वळसा घालावा लागतो. आम्ही पहाटे तीनला उठून निघालो, आणि गेटवर पोचलो तेव्हा बाकीच्या जिप्स्या आत गेलेल्या होत्या. गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सफारीच्या जागा, मग त्या गेटजवळचा कॅम्प. तुम्ही उलटं केलंय. कॅम्प पसंत केलात, सफारीचा पत्रात उल्लेखही नाही. कोअरच्या जागा सुट्ट्यांच्या आणि शनिवार-रविवारच्या तारखांना फार लवकर संपतात, दरही तेव्हा जास्त असतात. मंगळवारी कोअर बंद. आरक्षण ताडोबाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, मधला कोणी 'मॅडम, व्हीआयपी कोट्यातून देतो' म्हणाला तर फोन ठेवा. नावं ओळखपत्रावर असतील तशीच भरा आणि मूळ ओळखपत्र सोबत न्या. आणि मोहर्लीच्या जागा मिळाल्याच नाहीत तर हट्टाने तोच कॅम्प धरून बसू नका.

एका जिप्सीत सहा पाहुणे बसतात, शिवाय चालक आणि गाईड. तुम्ही आठ. म्हणजे जिप्स्या दोन. हा हिशोब घरी कोणी केलेला दिसत नाही, आणि तुमच्या अर्ध्या अडचणीचं उत्तर त्यातच आहे. त्याकडे येतेच.

आता वाघ. तुम्ही लिहिलंय, 'वाघ दिसला नाही तर?' मला त्यातली भीती कळते, कारण मी अशा सुनांच्या घरात वाढले. सहलीचं ज्याने सुचवलं, पाऊस पडला तर दोष त्याचा. पण ताई, वाघ दाखवायचं वचन तुम्ही कधी दिलंत? कोणी मागितलं होतं? पत्र परत परत वाचलं, नानांनी मागितल्याचं कुठेच नाही. जाऊबाईंनीही नाही. ते तुम्ही स्वतःच गळ्यात घालून घेतलंय. ताडोबाचं कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं आहे. त्यातल्या ठरलेल्या रस्त्यांवरून चार तास हिंडून वाघ दिसला तर तो वाघाचा मोठेपणा. फेब्रुवारीअखेर पानगळ बरीच झालेली असते, पाणवठे आटायला लागलेले असतात, त्यामुळे दिवाळीपेक्षा शक्यता बरी आणि मे महिन्यापेक्षा कमी. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ हमखास येतो म्हणतात. पण तेव्हा चंद्रपूर पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांवर तापलेलं असतं, आणि उघड्या जिप्सीत पंचाहत्तरीच्या माणसाला दुपारी अडीचला बसवणं हे प्रेमाचं लक्षण नाही. तेव्हा तुमची तारीख उत्तम आहे. लेकीची शाळा दोन-तीन दिवस बुडेल. चौथीत काय बुडायचं असतं ते बुडू दे.

आणि वाघासाठी गाईडच्या मागे लागू नका. 'दाखवलास तर हजार देतो' हे वाक्य मी जिप्सीत ऐकलं आहे, आणि त्यानंतर गाडी कशी पळते तेही पाहिलं आहे. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना जिप्स्यांनी दोन्हीकडून कोंडलं, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. चालक-गाईड निलंबित झाले. पण पुढे घ्या, अजून पुढे घ्या, असं त्यांना कोण म्हणत होतं? मागे बसलेले आपल्यासारखेच. गाईड त्याच गावांतली मुलं असतात, हल्ली मुलीही आहेत. त्यांना सुरुवातीलाच सांगा, "वाघ नाही दिसला तरी चालेल, आमच्या नानांना जंगल दाखवा." बघा मग कसे खुलतात. सालं सोलल्यासारखं पांढरं कुलूचं झाड, जे रात्री पाहिलं तर दातखीळ बसेल, अस्वलाने मधासाठी ओरबाडलेलं खोड, चिखलात उमटलेला गव्याचा खूर, ताडोबा तळ्याच्या काठाला उन्हात लोळणारी मगर. नानांना तळ्याकाठच्या तारू देवाची गोष्ट गाईडच्याच तोंडून ऐकू द्या. गावाचा म्होरक्या वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला, त्याच्या नावावरून ताडोबा. कात्रणांच्या डब्यात ही नसेल.

आता नाना. 'तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो.' तुम्ही याचा अर्थ लावलात की त्यांना तंबू आवडला नाही, किंवा खर्च नको वाटतोय. जाऊबाईंनी लावला की रिसॉर्ट असतं तर आले असते. मला तिसरंच वाटतंय, आणि चूक असेल तर बरंच. ज्या माणसाने इतकी वर्षं वाघाची कात्रणं कापली तो गादीसाठी नाही म्हणणार नाही. सफारी सुमारे चार तासांची असते. जिप्सीतून मनाला येईल तिथे उतरता येत नाही, ठरलेल्या ठिकाणीच उतरायचं, तिथेच स्वच्छतागृह. पंचाहत्तरीच्या पुरुषाला हे चार तास किती लांब वाटत असतील, याचा विचार तुमच्या घरात कोणी केलाय? रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि त्या बहुधा सकाळीच घेतात. सुनेसमोर, नातवंडांसमोर हे कोणता सासरा बोलेल? तो म्हणेल, 'घर सांभाळतो.'

हे तुम्ही विचारू नका. तुमच्या नवऱ्याने विचारायचं, दोघेच असताना, संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारताना वगैरे. 'तुम्ही दोघी ठरवा' म्हणून जो हात झटकून बसलाय, त्याच्या वाट्याला एवढं एक काम येऊ द्या. मग डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ त्या दिवसापुरती मागेपुढे करता येते का पाहा. मनाने काही बदलू नका. गाईडला आधीच सांगून ठेवलं की तो थांबे सांभाळून घेतो. मोहर्लीहून चंद्रपूर तासाभराच्या आत येतं, म्हणजे मोठं इस्पितळही फार लांब नाही, हेही नानांच्या कानावर घाला. वयस्क माणसं या गोष्टी मनात मोजत असतात.

नानांच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंय. जिप्सीत चढायला उंच पायरी लागते, कॅम्पवाल्याला लाकडी स्टूल ठेवायला सांगा. नानांना चालकाच्या लगेच मागच्या रांगेत बसवा. सगळ्यात मागची जागा उंच असते, तिथून दिसतं छान, पण धक्केही तिथेच जास्त, तिथे तरुण मंडळी बसतील. पहाटे उघड्या गाडीत वारा झोंबतो, कानटोपी आणि शाल दोन्ही घ्या. नऊ वाजता तेच कपडे नकोसे होतात, म्हणून एकावर एक घाला. नानांनी सगळ्या सफाऱ्या करायला हव्यात असंही नाही. बुधवारी दुपारी एक, शुक्रवारी सकाळी एक, पुरे. गुरुवारी नाना-सासूबाई कॅम्पवर आरामात बसतील. सासूबाईंना खरं तर कॅम्पचाच दिवस आवडेल असा माझा अंदाज आहे. स्वयंपाकघरात डोकावतील, तिथल्या बाईंशी गप्पा मारतील, 'सांबार घालू का वरून?' असं कोणी विचारलं की आधी दचकतील. सांगून ठेवा, तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

तंबूची भीती तुम्ही एका ओळीत लिहिली आहे, मीही थोडक्यात सांगते. २०१९ च्या फेब्रुवारीत बिबट्या थेट ठाण्यातल्या मॉलमध्ये शिरला होता. घोडबंदरला राहणाऱ्या बाईने तंबूला घाबरावं याचं मला हसू येतं. कॅम्पला कुंपण असतं, रात्री राखणदार असतो. पाहुण्यांना त्रास होतो तो अंधारात पायरी चुकण्याचा, पोट बिघडण्याचा आणि चपलेत शिरलेल्या विंचवाचा. बॅटरी उशाशी ठेवा, चपला झटकून घाला, तंबूत खाऊ उघडा ठेवू नका, वानरांना चेन उघडता येते. रात्री कुंपणाबाहेर फिरायला जायचं नाही, हे कॉलेजच्या पुतण्याला दोनदा सांगा. वाघाची खरी भीती कुंपणापलीकडच्या गावांना आहे. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला बायका पहाटे रानात जातात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी त्यातल्या काही परत येत नाहीत. कॅम्पवर भांडी घासणाऱ्या बाईंच्या नात्यात असं कोणी असू शकतं, म्हणून 'वाघ दिसलाच नाही हो' अशी कुरकुर त्यांच्यासमोर करू नये, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

हॉल घ्यावा का? घ्यायचाच तर मार्चमध्ये, नातेवाइकांसाठी, साधा. ताडोबाऐवजी नको. हॉलमध्ये नाना खुर्चीवर बसून दोनशे लोकांचे नमस्कार घेतील आणि घरी येऊन पाय शेकतील.

राहिल्या जाऊबाई. 'येऊर काय वाईट होतं' हे लागलं, मान्य. मलाही लागलं असतं. पण टोमणा बाजूला काढून त्यांना हवं काय ते पाहिलंत का? त्या सुट्टीत आराम मागताहेत. यात गैर काही नाही. प्रत्येकाला दवाने ओलं झालेलं कापड बघून गहिवर येत नाही. माझ्या त्या पाच मैत्रिणींतल्या दोघींनी परत येताना हात जोडले होते. तुम्ही दोघींनी मिळून एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे, की आठही जणांनी एकाच छपराखाली झोपलं पाहिजे. का बरं? तुम्ही ठाण्यात राहता, ते खारघरला. घरं वेगळी म्हणून तुमची दिवाळी वेगळी होते का?

तेव्हा असं करून बघा. गेट एक, सफाऱ्या एक, राहणं वेगळं. दीर-जाऊबाई आणि पुतण्या रिसॉर्टवर, हवं तर दोन रात्री. तुम्ही पाच जण कॅम्पवर तीन रात्री. जिप्स्या तशाही दोन लागणारच आहेत. एक रिसॉर्टवरून निघेल, एक कॅम्पवरून, पहाटे गेटवर भेट. राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, आणि नाना-सासूबाईंचा तंबू, दोन्ही जिप्स्या, वाढदिवसाचं जेवण एवढंच निम्म्या-निम्म्यात. हे आकडे निघण्याआधी कागदावर लिहा आणि दोन्ही भावांनी लिहा, बायकांनी नको. नातवंडांना एकदा या गाडीत, एकदा त्या गाडीत बसू द्या. एका सफारीला जाऊबाई आणि नाना एका गाडीत, तुम्ही दुसऱ्या गाडीत, असंही मुद्दाम करा. आणि देव करो, वाघ त्यांच्याच गाडीला दिसो. मग पुढची दहा वर्षं ती गोष्ट त्याच सांगतील, रंगवून सांगतील, आणि बेत कोणाचा होता याची चर्चा तुमच्याशिवाय होईल.

याला एक अडचण आहे, ती लपवत नाही. सासूबाई म्हणतील, 'लोक काय म्हणतील, भाऊ-भाऊ वेगळे उतरले.' त्यांना ही मांडणी जाऊबाईंच्या तोंडून कळायला हवी, तुमच्या नाही. आणि वेगळं राहणं कोणालाच रुचलं नाही, तर दुसरी वाट म्हणजे मधलं काही शोधणं. मोहर्लीला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, तिथे तंबूऐवजी पक्क्या खोल्या मिळतात. थाट नसतो, पण भिंती असतात. जाऊबाईंचा आक्षेप कापडाला असेल तर हे चालेल. आक्षेप तुम्हाला असेल तर कशानेच चालणार नाही, आणि मग तुम्ही तुमचा कॅम्प घेऊन मोकळ्या व्हा.

मोबाईलचंही आधी सांगा. ताडोबात सफारीला मोबाईल आत नेता येत नाही. कॅमेरा चालतो, त्याचं शुल्क असतं. हे गेटवर कळलं तर तिथेच वादावादी होते. पुतण्याकडे जुना कॅमेरा असेल तर त्याला नानांचे फोटो काढायची जबाबदारी द्या, वाघाचे नाही.

प्रवास रात्रीच्या रेल्वेने करा. कल्याणहून विदर्भ एक्सप्रेस आहे, सेवाग्राम आहे. नागपूरहून गाडी करून मोहर्ली तीन तास. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापासून थेट नागपूरपर्यंत झाला आहे, ७०१ किलोमीटर, आणि तुमच्या दिरांना तिथे गाडी चालवायची हौस असणार. त्यांना येऊ द्या त्यांच्या गाडीने. नानांचे गुडघे मात्र खालच्या बर्थवर आडवे होऊन जाऊ देत. बुधवारी सकाळी पोचून लगेच दुपारची सफारी घ्यायची तर गाडी उशिरा येण्याची शक्यता धरा. मी तरी मंगळवारीच पोचेन, कोअर बंद, सगळे दमलेले, झोपून काढायचा दिवस.

सासूबाई नानांना पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणार असतील. तंबूत नको, कापडाचा भरवसा नाही. जेवणघराच्या फरशीवर करा, कॅम्पवाल्याला परात मागा, कणकेचे दिवे त्यांच्याच स्वयंपाकघरात होतील. गाण्यांचा स्पीकर, फटाके, फुगे काही नको.

या आठवड्यातच जाऊबाईंना फोन करा. नवऱ्याला करायला लावू नका आणि कुटुंबाच्या ग्रुपवर लिहू नका. रविवारी दुपारी त्यांची झोपेची वेळ असेल, शनिवारी सकाळी करा. रिसॉर्टचं नाव काढायच्या आधी विचारा, "वहिनी, नानांना जिप्सीत कोणाशेजारी बसवू या?"